टेकडीवर ५०० झाडं लावायच्या आधी

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं की सोसायटीच्या मागच्या टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्या वीसेक जणांचा तुमचा ग्रुप झालाय, एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे तिच्या सामाजिक कामांच्या निधीतून, पैसे द्यायची तयारी दाखवलीय आणि या पावसाळ्यात ५०० झाडं, पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, दिवे, बाकडी असं सगळं करायचं मनात आहे, म्हणजे पक्षीही येतील आणि तुमच्या सासूबाईंसारख्या गुडघे दुखणाऱ्या माणसांनाही वर जाता येईल. मी पुण्याच्या टेकड्यांवर आणि आसपासच्या माळांवर वीस-बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे सरळ सांगतो. बाकडी करा, वाट नक्की करा, पण ५०० झाडं या वर्षी लावू नका. का ते सांगतो, जरा लांबेल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत वरचा उतार दिसतोय तो पिवळा, वाळलेला, "उजाड" वाटणारा. तो उजाड नाहीये हो. आपल्या टेकड्या काळ्या कातळाच्या, वर मातीचा थर कुठे वीतभर तर कुठे चार बोटं, खाली मुरूम. पुण्यात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत पडून मोकळा. अशा जागी निसर्ग आपणहून गवत वाढवतो, पवन्या, मारवेल, कुसळी, आणि मधेमधे एखादं बोर, हिवर, मेडशिंगी, गणेर. वरच्या त्या चार बोटं मातीला धरून ठेवतात ती या गवताची मुळं. जूनमध्ये बघा, तोच उतार आठ-दहा दिवसांत हिरवा होतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यात सोनकी, तेरडा, कळलावी, नशीब असेल तर कंदीलपुष्पसुद्धा दिसतं. माळटिटवी, चंडोल, रातवा, तित्तिर, लावा ही सगळी मंडळी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना झाड नको असतं, मोकळं रान लागतं. मनोली या चिमुकल्या पक्ष्याला गवताचं बी लागतं आणि घरटं बांधायला पण गवतच लागतं.

हे मला कसं कळलं ते सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय. सुरुवातीच्या वर्षांत शहराच्या पश्चिमेला एका उतारावर आम्ही ४०० रोपं लावली, फार मेहनतीने, उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन पाणी घातलं, जेसीबीने चर मारले. तिसऱ्या वर्षी रोपं माणसाच्या उंचीची झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेपरात फोटो आला. आणि त्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की सकाळी तिथे जो चंडोल गात वर उडायचा तो आता नाहीये. माळटिटवीची जोडी नाहीये. चरांमुळे गवत उखडलं गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या मातीत गाजरगवत आणि पिवळा कॉसमॉस घुसला होता. मग शेजारच्या, आम्ही हात न लावलेल्या उतारावर जाऊन बघितलं, तिथे सगळं जागच्या जागी होतं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

आता याचा अर्थ झाडं लावणं वाईट असा नाही. मुंबईत माहीमचं निसर्ग उद्यान बघा, धारावीला लागून, मिठी नदीच्या कडेला. तिथे आधी कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं, त्या ३७ एकरांत माती आणून, झाडं लावून, अक्षरशः शून्यातून रान उभं केलं आणि १९९४ मध्ये लोकांना खुलं केलं. तिथे झाडं लावणं हाच मार्ग होता कारण मोडायला काही शिल्लकच नव्हतं. गुरुग्रामला अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क आहे, जवळपास ३८० एकर, तिथे खाणी होत्या. तिथल्या लोकांनी २०१० पासून अरवलीतलीच मूळ झाडं शोधून, त्यांचं बी गोळा करून स्वतःची नर्सरी केली, कारण बाजारातल्या नर्सरीत ती झाडं मिळतच नव्हती. पण तुमची टेकडी ना डम्पिंग ग्राउंड आहे ना खाण. म्हणून पहिला प्रश्न "काय लावू" हा नसून "इथे आत्ता काय आहे" हा आहे. मियावाकीबद्दल, म्हणजे थोड्या जागेत खूप दाट झाडं लावायच्या पद्धतीबद्दल, पण तुम्ही विचारलंय, तर एखाद्या पडीक प्लॉटवर, जिथे नुसता राडारोडा आहे तिथे करा हवं तर, पण गवताळ उतारावर माती खणून, खत घालून, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं कोंबणं म्हणजे जे होतं ते संपवणं. यावर माझं मत पक्कं आहे.

तर एक वर्ष फक्त बघा. हे ऐकून ग्रुपमधली अर्धी माणसं नाराज होतील, मला माहितीये, पण बघणं हे पण कामच आहे आणि वीस जण असाल तर फार छान होतं. महिन्यातून एकदा ठरलेल्या रविवारी, ठरलेल्या वाटेने, सकाळी त्याच वेळी चालायचं आणि दिसलेला प्रत्येक पक्षी ई-बर्डवर टाकायचा, फुलपाखरं आणि झाडं आय-नॅचरलिस्टवर, ही दोन्ही निसर्गाच्या नोंदी ठेवायची ॲप आहेत. नाव येत नसेल तरी फोटो टाका, कोणीतरी ओळखून देतं. एका जाड वहीत हाताने नकाशा काढा, त्यात वारूळ, नाला, पाणी कुठे साठतं, घरटी कुठे, गवत कुठे दाट, कचरा कुठे पडतो, गुरं कुठून चढतात हे लिहा. टेकडीखालच्या वस्तीत कोणी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्याशी बोला, झाडांची, गवताची जी नावं त्यांना येतात ती आपल्याला पुस्तकात सापडत नाहीत. महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, तुमच्या नोंदी तिथे द्या. पुढे कोणी टेकडी फोडायला आलं तर कोर्टात भावना चालत नाहीत, नोंदी चालतात.

फोटोत खालच्या अंगाला जी हिरवी दाट झाडी दिसतेय आणि जिचं तुम्ही कौतुक केलंय ती बहुतेक गिरीपुष्प आहे, उंदीरमारी म्हणतात ते. मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. १९७०-८० च्या दशकांत टेकड्या पटकन हिरव्या करायच्या म्हणून ते भरपूर लावलं गेलं, लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, ते पटकन वाढतं, गुरं फारसं खात नाहीत, वणव्यातून पुन्हा फुटतं. पण त्याच्याखाली गवत राहत नाही, शेंगा तडकून बी लांब फेकलं जातं आणि मग सगळीकडे तेच. सुबाभूळ, घाणेरी, रानमोडी यांचंही तसंच. मात्र एकदम कुऱ्हाड घेऊन निघू नका. एक तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड देशी का परदेशी हा प्रश्न तिथे येत नाही. आणि दुसरं म्हणजे फेब्रुवारीत गिरीपुष्प फुलतं तेव्हा शिंजीर आणि मधमाश्या तिथेच असतात, सावलीपण तेवढीच आहे. मी करतो ते असं, की गिरीपुष्पाखाली वाकून बघायचं, तिथे आपोआप उगवलेलं एखादं भोकर, बेहडा, करंज, धामण सापडतंच. त्या रोपाच्या डोक्यावरचं गिरीपुष्प परवानगी घेऊन छाटायचं म्हणजे त्याला ऊन मिळतं, आणि दर पावसाळ्यात आलेला फुटवा पुन्हा काढायचा. वर्षाला थोडा थोडा भाग. दहा वर्षांचं काम आहे, पण असं वाढलेलं झाड पाण्याच्या टँकरवर जगत नाही. घाणेरी मात्र बिनधास्त उपटा, मुळासकट, पावसाळ्यात माती ओली असताना, फळं धरायच्या आधी. तेही एका वर्षी सगळी नको, तिच्या जाळीत लहान पक्षी लपतात, म्हणून पट्ट्यापट्ट्याने.

आता वाट. माझ्या मते टेकडीवर सगळ्यात जास्त फरक वाटेनेच पडतो आणि याकडेच कोणी बघत नाही. सध्या तुमच्याकडे माथ्यावर जायला किती पायवाटा आहेत ते मोजा. दहा-बारा तरी निघतील, कारण पावसात एक वाट घसरडी झाली की लोक शेजारून चालतात, मग ती पण झिजते, मग तिसरी, आणि सगळा उतार खरवडला जातो. त्या सरळ चढणाऱ्या वाटा म्हणजे पावसात ओहोळच होतात, माती घेऊन खाली येतात. म्हणून एकच वाट निवडायची, नागमोडी, चढ सौम्य ठेवून, आणि तिच्यावर दर काही पावलांवर तिरपे दगड बसवायचे म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता बाजूच्या गवतात उतरतं. दगड तिथलेच, पण गवतात रुतलेले उचलायचे नाहीत, त्यांच्याखाली सरडे, विंचू, साप राहतात. बाकीच्या वाटा बंद करायला पाटी लावून उपयोग नाही, बोरीच्या काट्यांच्या फांद्या तोंडाशी टाकायच्या, दोन पावसाळ्यांत गवत परत येतं. लोक भांडतील पहिल्या महिन्यात. तेव्हा ग्रुपमधल्या कोणीतरी सकाळी तिथे उभं राहून शांतपणे समजावून सांगायचं, रोज, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

पेव्हर ब्लॉक नको. ते बसवायला खणावं लागतं, काँक्रीटची कड लागते, पाणी अडतं, उन्हात तापतात, आणि चार वर्षांत उखडून कोणाचा तरी पाय मुरगळतो. पण सासूबाईंचं काय, हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर माथ्यावर नाही, पायथ्याला आहे. गेटजवळ जिथे सपाट आहे तिथे तीन-चारशे मीटरचा एक फेरा करा, मुरूम नीट दाबून, पाणी मारून, रोलर फिरवून. रुंदी दीड-पावणेदोन मीटर म्हणजे व्हीलचेअर वळते आणि दोन जण शेजारून चालू शकतात. चढ कुठेच बारास एकापेक्षा जास्त नको, म्हणजे बारा फूट जाताना एक फूट चढायचं. ऐंशी-शंभर पावलांवर बाकडं, त्याला पाठ आणि हात टेकायला दांडी दोन्ही हवं, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसण्यापेक्षा उठणं जड जातं. बाकडी झाडाखाली आणि नाल्याकडे तोंड करून ठेवा, पक्षी तिथेच जास्त दिसतात. गेटला ते फिरतं लोखंडी चक्र बसवतात गुरं आणि गाड्या अडवायला, त्यातून व्हीलचेअर जात नाही आणि पोटुशी बाई पण जात नाही, त्याऐवजी बाजूला एक मीटरचं साधं दार ठेवा. आणि संडास. बायकांना टेकडीवर यायला अडवणारी पहिली गोष्ट ही आहे, दुसरी म्हणजे आडोशाला बसलेली दारूची टोळकी. त्यासाठी फेऱ्याच्या कडेची झुडपं कमरेइतकी ठेवा म्हणजे लांबपर्यंत दिसतं. सगळ्या टेकडीची नाही, फक्त त्या फेऱ्याच्या कडेची.

लोकांना टेकडी खुली म्हणताना आपल्या डोळ्यासमोर बूट घातलेले फिरायला येणारेच येतात. पण तुमच्या वर देऊळ आहे ना, तिथे अमावस्येला येणारी माणसं, शेळ्या घेऊन येणारा, वाळकी लाकडं आणि गवत नेणाऱ्या बायका, संध्याकाळी क्रिकेट खेळणारी वस्तीतली पोरं, यांची टेकडी तुमच्या सोसायटीच्या आधीपासून आहे. मी पाहिलेल्या एका ठिकाणी रहिवाशांच्या ग्रुपने चहूबाजूंनी कुंपण घालून वस्तीच्या बाजूचं दार बंद केलं, पुढच्याच उन्हाळ्यात टेकडीला दोनदा आग लागली आणि विझवायला वस्तीतून एकही माणूस आला नाही. वस्तीतल्या माणसांचं काय चुकलं म्हणायचं. पहिल्या मीटिंगला त्यांना बोलवा, सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये नाही, देवळापाशी घ्या मीटिंग. शेळ्यांचं असं करता येतं की एका वर्षी अर्धा उतार मोकळा, अर्धा बंद, पुढच्या वर्षी उलट, गवत कापायचं ते बी झडल्यावर, नोव्हेंबरअखेर. गुराखी हे नियम आपल्यापेक्षा चांगले पाळतात, फक्त ते ठरवताना त्यांना विचारलेलं असावं लागतं.

आगीचं निघालंच तर, जानेवारी ते मे हा काळ धोक्याचा. बिडी-सिगारेट, कचरा पेटवणं, आणि काही जण नवं गवत लवकर फुटेल म्हणून मुद्दाम लावतात. डिसेंबरात वाटेच्या दोन्ही बाजूंनी आणि रस्त्याच्या कडेने तीन-चार मीटरचा पट्टा कापून जाळरेषा करा, कापलेलं गवत शेळीवाल्यांना द्या. पाचोळा पेटवू नका, झाडूही नका, फक्त वाटेवरचा बाजूला सारा. वाळलेलं झाड उभं असेल आणि वाटेवर पडणार नसेल तर राहू द्या, तांबट पक्षी त्यातच भोक पाडतो आणि तो सोडून गेला की तिथे कधी कधी दुसरं कोणीतरी राहायला येतं.

दिवे माथ्यावर नकोच. रातवा, वटवाघळं, पतंग, काजवे यांचं सगळं आयुष्य अंधारावर चालतं. खालच्या फेऱ्यावर हवे तर गुडघ्याइतक्या उंचीचे, प्रकाश खाली पडणारे, पिवळसर, आणि रात्री नऊला बंद होणारे. कंपनी हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे झगझगीत दिवे, देतो म्हणेल, कारण त्यावर नाव मोठं लिहिता येतं, तेव्हा नाही म्हणायची तयारी ठेवा.

पाण्यासाठी सिमेंटची टाकी बांधण्यापेक्षा उथळ मातीच्या पसरट थाळ्या पुरतात, दोन इंच पाणी, मधे एक दगड, दोन-तीन दिवसांनी घासून धुवायच्या. पावसात जे डबकं साठतं ते बुजवू नका, बेडूक तिथेच अंडी घालतात, आणि कृपा करून त्यात गप्पी मासे सोडू नका, ते बेडकांची पिल्लं खातात. कबुतरांना दाणे, मोरांना फरसाण, हे बंद. कुत्र्यांचा विषय नाजूक आहे, पण बोलायलाच हवं. माथ्यावर खायला घातलं की कुत्री माथ्यावर राहतात, आणि मग ससे, मुंगसं, तित्तिराची पिल्लं, मोराची पिल्लं राहत नाहीत. जे प्रेमाने खायला घालतात त्यांच्याशी भांडू नका, जागा फक्त खाली गेटपाशी आणा आणि नसबंदीसाठी त्यांचीच मदत घ्या. आमच्याकडे हे जमलं, दीड वर्ष लागलं.

आणि झाडं. एक पावसाळा बघून झाला की पुढच्या वर्षी लावा, ५०० नाही, ४०-५०, आणि गवतात नाही. पायथ्याला, नाल्याकाठी, फेऱ्याच्या कडेने, जिथे माती खोल आहे तिथे. नाल्याला उंबर, करंज, जांभूळ. एखादा वड किंवा पिंपळ जिथे त्याला पन्नास वर्षं जागा मिळेल तिथे, त्याची फळं लागली की हरियाल, तांबट, राखी धनेश यांना आमंत्रण द्यावं लागत नाही. कोरड्या बाजूला पळस, पांगारा, काटेसावर, सालई, मोई, बारतोंडी. झुडपं विसरू नका, टेकडीवर खरी गंमत झुडपांत असते, करवंद, तोरण, हेंकळ, निरगुडी, वाघाटी. फुलपाखरांसाठी महाग फुलझाडांची बाग करायची गरज नाही, अळीला खायला पान लागतं, रुईवर प्लेन टायगर फुलपाखराची अळी वाढते, बेल-लिंबावर मॉर्मन, पानफुटीवर रेड पिअरोट, टाकळ्यावर पिवळी ग्रास यलो. टाकळा आणि रुई आपण "तण" म्हणून उपटतो, ते उपटलं नाही तरी अर्धं काम झालं. रोपं दुसऱ्या-तिसऱ्या मोठ्या पावसानंतर लावा, दीड फुटाचा खड्डा, आणि दोन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव रोपागणिक वहीत लिहून मगच लावा. सीड बॉल, म्हणजे मातीत बी घालून वळलेले गोळे, मुलांबरोबर करा मजा म्हणून, पण त्यावर हिशोब धरू नका, बहुतेक बी मुंग्या आणि उंदीर नेतात.

या सगळ्याच्या आधी सातबारा काढा. टेकडीचा कुठला तुकडा वनखात्याचा, कुठला महापालिकेचा, कुठला खाजगी, हे एकाच टेकडीवर वेगवेगळं असतं, आणि जमीन ज्याची त्याची लेखी परवानगी असल्याशिवाय एक दगडही हलवू नका. कंपनीला पण हेच सांगा, की पैसे एका पावसाळ्यात नको, तीन वर्षांत विभागून द्या, आणि त्यातला मोठा वाटा एका माणसाच्या पगाराला द्या, शक्यतो खालच्या वस्तीतल्याच. वाट दुरुस्त करणं, थाळ्या भरणं, घाणेरी काढणं, आगीवर लक्ष ठेवणं, हे रविवारी येणाऱ्या स्वयंसेवकांनी होत नाही, रोज असणाऱ्या माणसाने होतं.

आत्ता मे चालू आहे तर या आठवड्यात एक करा. सूर्य मावळल्यावर दोघं-तिघं मिळून वरच्या त्या पिवळ्या उताराच्या कडेला बसा, टॉर्च बंद, अर्धा तास. टक्-टक्-टक्-टर्रर्र असा, चेंडू फरशीवर टप्पे घेत घेत थांबावा तसा आवाज आला तर तो रातवा. कुठून येतोय ते वहीतल्या नकाशावर खूण करून ठेवा, आणि झाडं लावायच्या यादीतून तो उतार काढून टाका.